न्यायासनासमोर कॅमेरा : सर्वोच्च न्यायालयातील थेट प्रक्षेपण

दिनांक २७ सप्टेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीतील टिळक मार्गावरील सर्वोच्च न्यायालयात एक नवी प्रथा सुरू झाली. त्या दिवशी घटनापीठांपुढील सुनावणी न्यायदालनातील कॅमेऱ्यांच्या द्वारे देशभर थेट दाखविण्यात आली. सरन्यायाधीश उदय लळित यांच्या अध्यक्षतेखालील पीठापुढे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना दिलेल्या दहा टक्के आरक्षणाचा प्रश्न होता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठापुढे महाराष्ट्रातील शिवसेनेच्या फुटीतून उद्भवलेला वाद होता. ज्याच्याजवळ इंटरनेटची सोय असलेला साधा भ्रमणध्वनी होता, अशा कोणाही नागरिकाला त्या दिवशी विधिज्ञांचे युक्तिवाद आणि न्यायमूर्तींचे प्रश्न प्रत्यक्ष ऐकता आले. त्यासाठी प्रवेशपत्र लागले नाही आणि दिल्लीचा प्रवासही करावा लागला नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे उद्घाटन २८ जानेवारी १९५० रोजी झाले. म्हणजे या घटनेस बहात्तर वर्षांहून अधिक काळ लागला. एवढा विलंब का झाला, कोणत्या आधारावर हा निर्णय झाला, इतर देशांचा अनुभव काय सांगतो, आणि खेड्यापाड्यांतील नागरिकाला यातून नेमके काय मिळते व काय अद्याप मिळावयाचे आहे, याचा विचार येथे केला आहे.

खुल्या न्यायालयाचे तत्त्व

न्यायालय खुले असावे हे तत्त्व नवीन नाही. न्याय नुसता होऊन भागत नाही, तो होत असल्याचे उघडपणे दिसलेही पाहिजे, या आशयाचे वचन इंग्लंडच्या एका न्यायमूर्तींनी १९२३ मध्ये एका निवाड्यात उच्चारले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. आपल्याकडील कायद्यांतही या तत्त्वाला स्थान आहे. संविधानाच्या अनुच्छेद १४५ च्या चौथ्या खंडानुसार सर्वोच्च न्यायालयाचा कोणताही न्यायनिर्णय खुल्या न्यायालयातच द्यावा लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५३-ब मध्ये दिवाणी न्यायालये खुली असावीत, अशी तरतूद आहे. फौजदारी प्रकरणांबाबत पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२७ होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून तिच्या कलम ३६६ मध्ये ती तरतूद पुढे चालू ठेवण्यात आली आहे.

या तत्त्वामागे दोन हेतू आहेत. सर्वांच्या डोळ्यांदेखत काम चालले की न्यायाधीश, वकील आणि साक्षीदार हे तिघेही जपून वागतात, हा पहिला हेतू. हरलेल्या पक्षालाही आपले म्हणणे ऐकून घेतले गेले असे समाधान मिळते, हा दुसरा हेतू. गावच्या पंचायतीत पारावर बसून तंटा सोडविला जात असे, तेव्हाही भोवती गाव जमलेला असे. चार लोकांनी पाहिलेला निवाडा पुढे कोणी सहजासहजी नाकारीत नसे.

तथापि हे तत्त्व निरपवाद नाही. बलात्काराच्या खटल्याची सुनावणी बंद दालनात व्हावी, असे कायदाच सांगतो. कौटुंबिक कलह, अल्पवयीन मुलांचे हित आणि राष्ट्राची सुरक्षितता यांसारख्या बाबतींतही पडदा आवश्यक ठरतो.

मुंबईत उद्भवलेले एक महत्त्वाचे प्रकरण

खुल्या सुनावणीविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा पायाभूत मानला जाणारा निर्णय मुंबईच्या एका प्रकरणातून निघाला. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्ध अब्रूनुकसानीचा एक दावा मुंबई उच्च न्यायालयात चालू होता. त्यातील एका साक्षीदाराने आपली साक्ष वृत्तपत्रांत येऊ नये, अन्यथा आपल्या व्यवसायाचे नुकसान होईल, अशी विनंती केली. न्यायाधीशांनी ती मान्य करून साक्ष प्रसिद्ध करण्यास तोंडी मनाई केली. दालनाचे दार उघडेच होते, परंतु बातमी देण्यास बंदी होती. त्याविरुद्ध वार्ताहरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ‘नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ते प्रकरण प्रसिद्ध आहे.

नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९६६ च्या मार्च महिन्यात त्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी बहुमताच्या निर्णयात खुल्या सुनावणीचे महत्त्व निःसंदिग्ध शब्दांत मान्य केले. लोकांच्या नजरेखाली चालणारा खटला हा न्यायाधीशाच्या लहरीला आळा घालतो आणि न्यायदानावरील विश्वास वाढवितो, असा त्या विवेचनाचा आशय आहे. मात्र न्यायदानाच्या हितासाठी अपवादात्मक प्रसंगी प्रसिद्धीवर मर्यादा घालण्याचा अंगभूत अधिकार उच्च न्यायालयास आहे, असेही त्यांनी ठरविले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले. पुढे अर्ध्या शतकानंतर जेव्हा कॅमेऱ्याचा प्रश्न आला, तेव्हा दोन्ही बाजूंना याच निर्णयाकडे वळावे लागले. खुलेपणा हा नियम आणि बंधन हा अपवाद, ही मांडणी त्यातून पक्की झाली होती.

२०१८ चा निर्णय

जोधपूर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने केलेली याचिका या विषयात निर्णायक ठरली. सर्वोच्च न्यायालयात सोमवारी व शुक्रवारी किरकोळ व नव्या प्रकरणांची मोठी गर्दी असते. त्या दिवशी प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्यांना दालनात प्रवेश मिळत नसे. प्रवेश देणे शक्य नसेल तर निदान बाहेर बसून कामकाज पाहण्याची सोय करावी, अशी त्याची मागणी होती. ज्येष्ठ विधिज्ञ इंदिरा जयसिंग यांनी राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रकरणांची सुनावणी थेट दाखविण्यात यावी, अशी मागणी करणारी याचिका केली होती. या व अन्य याचिका एकत्र ऐकण्यात आल्या. त्या वेळचे महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी प्रक्षेपणास विरोध केला नाही, उलट त्याची मार्गदर्शक रूपरेषा न्यायालयास सादर केली.

२६ सप्टेंबर २०१८ रोजी ‘स्वप्निल त्रिपाठी विरुद्ध भारताचे सर्वोच्च न्यायालय’ या प्रकरणात निकाल लागला. न्यायमूर्ती अजय खानविलकर यांनी सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या व स्वतःच्या वतीने निर्णय लिहिला. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी स्वतंत्र परंतु सहमतीचे निर्णयपत्र दिले. न्यायालयाची विचारसरणी थोडक्यात अशी होती. न्याय मिळविण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत आहे आणि माहिती मिळविण्याचा हक्क हा अनुच्छेद १९ मधील भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे. न्यायालय खुले आहे असे म्हणावयाचे आणि दालनात मात्र मोजक्याच लोकांना जागा असावी, ही विसंगती होय. पूर्वी भिंती वाढविता येत नव्हत्या, म्हणून तिचा इलाज नव्हता. आता तंत्रज्ञानाने तो उपलब्ध करून दिला आहे. तेव्हा प्रक्षेपण म्हणजे खुल्या न्यायालयाचाच विस्तार होय.

निर्णयाबरोबरच बंधनेही घालण्यात आली. आरंभी केवळ घटनात्मक व राष्ट्रीय महत्त्वाच्या, विशेषतः घटनापीठांपुढील प्रकरणांपुरता हा प्रयोग मर्यादित ठेवावा, असे ठरले. प्रत्यक्ष सुनावणी आणि प्रक्षेपण यांत काही मिनिटांचे अंतर असावे, म्हणजे अनुचित भाग वेळीच थांबविता येईल. कॅमेऱ्याचा रोख न्यायपीठ आणि युक्तिवाद करणारे विधिज्ञ यांच्यावरच असावा. न्यायमूर्तींची आपसातील कुजबूज, वकील व अशील यांचे बोलणे आणि मेजावरील टिपणे टिपली जाऊ नयेत. वैवाहिक प्रकरणे, लैंगिक अत्याचाराची प्रकरणे, बालकांशी संबंधित प्रकरणे, राष्ट्रीय सुरक्षिततेचे प्रश्न आणि जातीजमातींत तेढ निर्माण करू शकतील असे विषय यांतून वगळावेत. चित्रमुद्रणाचा स्वामित्वहक्क न्यायालयाकडेच राहावा आणि न्यायालयाच्या अनुमतीशिवाय त्याचा व्यापारी उपयोग कोणी करू नये.

निर्णय आणि अंमल यांतील चार वर्षे

निकाल २०१८ मध्ये लागला, पण प्रक्षेपण सुरू होण्यास २०२२ साल उजाडले. मधल्या काळात कोविडच्या साथीने न्यायालयांना वेगळ्याच मार्गाने तंत्रज्ञानाकडे वळविले. २०२० च्या मार्चपासून सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणी सुरू केली. या ठिकाणी एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. दूरदृश्य प्रणालीत वकील व पक्षकार दुसऱ्या ठिकाणाहून कामकाजात भाग घेतात. थेट प्रक्षेपणात नागरिक केवळ प्रेक्षक असतो. पहिली सोय पक्षकारांसाठी आहे आणि दुसरी जनतेसाठी आहे.

प्रक्षेपणाच्या बाबतीत पहिले पाऊल उच्च न्यायालयांनी उचलले. गुजरात उच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०२० रोजी आपल्या मुख्य न्यायमूर्तींच्या पीठाचे कामकाज यू-ट्यूबवर प्रायोगिक स्वरूपात दाखविण्यास सुरुवात केली आणि २०२१ च्या जुलैमध्ये त्यास नियमित रूप दिले. बडोद्याच्या नागरिकाला अशा रीतीने दिल्लीच्या न्यायालयाआधी आपल्या राज्याचे उच्च न्यायालय घरबसल्या पाहावयास मिळाले. कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा व पाटणा येथील उच्च न्यायालयांनीही हा मार्ग स्वीकारला. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २०२१ मध्ये उच्च न्यायालयांसाठी आदर्श नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये आपल्या निवडक पीठांचे प्रक्षेपण सुरू केले.

सर्वोच्च न्यायालयात २६ ऑगस्ट २०२२ रोजी सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांच्या निवृत्तीच्या दिवशी औपचारिक पीठाचे कामकाज प्रथम दाखविण्यात आले. त्यानंतर २० सप्टेंबर रोजी सर्व न्यायमूर्तींच्या सभेने घटनापीठांच्या प्रक्षेपणाचा निर्णय घेतला आणि आठवड्याभरात तो अमलात आला. त्यानंतर समलिंगी विवाहाच्या मान्यतेचा प्रश्न, अनुच्छेद ३७० संबंधीची सोळा दिवसांची सुनावणी आणि ११ डिसेंबर २०२३ रोजी लागलेला तिचा निकाल अशी अनेक प्रकरणे देशाने प्रत्यक्ष पाहिली.

इतर देशांचा अनुभव

न्यायालयात कॅमेरा असावा की नसावा यावर लोकशाही देशांत एकमत नाही. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय या बाबतीत सर्वांत अधिक ताठर राहिले आहे. १९३५ मध्ये तेथे एका बालकाच्या अपहरण व हत्येचा खटला चालला, तेव्हा छायाचित्रकारांच्या झुंबडीने न्यायालयाला जत्रेचे रूप आले. त्यानंतर वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने १९३७ मध्ये कॅमेऱ्याविरुद्ध आचारनियम केला आणि १९४६ पासून संघीय फौजदारी न्यायालयांत छायाचित्रण व प्रक्षेपण निषिद्ध झाले. १९६५ मध्ये टेक्सास राज्यातील एका खटल्यात दूरचित्रवाणीच्या उपस्थितीमुळे आरोपीला न्याय्य सुनावणी मिळाली नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. १९८१ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने राज्यांना इच्छेनुसार कॅमेऱ्यास परवानगी देण्यास मोकळीक दिली.

आपल्या स्वतःच्या दालनात मात्र त्या न्यायालयाने अद्याप कॅमेरा येऊ दिलेला नाही. न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी १९९६ मध्ये संसदीय समितीपुढे बोलताना, कॅमेरा आत आला तर तो आपल्या मृतदेहावरूनच येईल, इतक्या तीव्र शब्दांत विरोध नोंदविला होता. तेथे १९५५ पासून युक्तिवादांचे ध्वनिमुद्रण होत असे. कोविडच्या काळात, ४ मे २०२० रोजी, त्या न्यायालयाचे युक्तिवाद प्रथमच थेट ऐकविण्यात आले आणि पुढे ती प्रथा चालू राहिली. म्हणजे अमेरिकन नागरिक आपल्या सर्वोच्च न्यायालयाला ऐकू शकतो, पाहू शकत नाही.

ब्रिटनचा मार्ग याहून वेगळा आहे. १९२५ च्या कायद्याने तेथे न्यायालयांत छायाचित्र काढणे गुन्हा ठरविले होते. परंतु २००५ च्या घटनात्मक सुधारणा कायद्याने नव्या सर्वोच्च न्यायालयास या बंदीतून वगळले. ते न्यायालय १ ऑक्टोबर २००९ रोजी सुरू झाले आणि २०११ पासून त्याचे कामकाज थेट दिसू लागले. पंतप्रधानांनी संसद तहकूब करण्याचा दिलेला सल्ला बेकायदा ठरविणारा निर्णय २४ सप्टेंबर २०१९ रोजी तेथे वाचून दाखविण्यात आला, तेव्हा सारा देश तो पाहत होता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयातील युक्तिवादही गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून दूरचित्रवाणीवर दाखविले जात आहेत.

ब्राझील या सर्वांच्या पुढे गेला आहे. २००२ मध्ये तेथे न्यायसंस्थेची स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनीच सुरू झाली. विशेष म्हणजे तेथील न्यायमूर्ती निर्णयापूर्वीचा आपसातील विचारविनिमयही उघडपणे करतात आणि तोही प्रक्षेपित होतो. मात्र प्रक्षेपणानंतर न्यायमूर्तींची अभिमते अधिक लांबू लागली, असे निरीक्षण अभ्यासकांनी नोंदविले आहे. कॅमेरा माणसाच्या वागण्यावर परिणाम करतो, ही शंका अगदीच निराधार नाही, हे यावरून दिसते.

आक्षेप व त्यांचे वजन

कॅमेऱ्याविरुद्ध मुख्यतः चार आक्षेप घेतले जातात. साक्षीदार भयभीत होतील किंवा पंचांच्या मनावर परिणाम होईल, हा पहिला आक्षेप होय. वृत्तपत्रीय प्रचाराचा पंचांवर काय परिणाम होतो, याचा अनुभव मुंबईने १९५९ च्या नानावटी खटल्यात घेतला आहे. तेथे ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले, परंतु सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही. प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेले, तेथे शिक्षा झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयात १९६१ मध्ये कायम झाली. आज मात्र आपल्याकडे ज्यूरीची पद्धत उरलेली नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयात सर्वसाधारणपणे साक्षीपुरावे होत नाहीत. तेथे कागदोपत्री आलेल्या प्रकरणावर कायद्याचा ऊहापोह होतो. म्हणून हा आक्षेप खालच्या न्यायालयांतील खटल्यांना जितका लागू पडतो, तितका सर्वोच्च न्यायालयास लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप असा की वकील आणि न्यायमूर्ती प्रेक्षकांसाठी बोलू लागतील. ब्राझीलचे उदाहरण पाहता यात तथ्य आहे. मात्र वायफळ वक्तृत्वाला आवर घालणे हे पीठाच्या हाती आहे आणि युक्तिवादाची वेळ ठरवून देण्याची पद्धतही घटनापीठांनी अनेकदा अवलंबिली आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. तासन् तास चाललेल्या सुनावणीतून अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून तो भलत्याच अर्थाने पसरविला जाऊ शकतो. ही भीती खरी ठरली आहे. २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींच्या अनुचित उद्गारांची चित्रफीत सर्वत्र पसरली. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. संबंधित न्यायमूर्तींनी खेद व्यक्त केल्यावर प्रकरण मिटविण्यात आले. परंतु त्या वेळी, अशा घटनांवरचा उपाय प्रक्षेपण बंद करणे हा नसून अधिक खुलेपणा हाच आहे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. ही घटना दोन्ही बाजूंनी पाहावयास हवी. कॅमेऱ्यामुळे न्यायालयाची बेअब्रू झाली असे एक म्हणेल. कॅमेरा नसता तर ते उद्गार दुरुस्तच झाले नसते, असे दुसरा म्हणेल. त्याच सुमारास कर्नाटक उच्च न्यायालयाने आणि पुढे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने अशा चित्रफितींच्या तुकड्यांचा परस्पर वापर करण्यास मनाई करणारे आदेश दिले.

चौथा आक्षेप तांत्रिक सुरक्षिततेचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये काही समाजकंटकांनी दूरदृश्य प्रणालीत शिरून अश्लील दृश्ये दाखविल्यामुळे कर्नाटक उच्च न्यायालयाला बंगळूर, धारवाड व कलबुर्गी या तिन्ही ठिकाणची दूरदृश्य सुनावणी व थेट प्रक्षेपण काही काळ थांबवावे लागले. २० सप्टेंबर २०२४ रोजी तर खुद्द सर्वोच्च न्यायालयाची यू-ट्यूब वाहिनी अज्ञात इसमांनी ताब्यात घेऊन तीवर एका आभासी चलनाची जाहिरात दाखविली. न्यायालयाचे प्रक्षेपण खासगी परदेशी कंपनीच्या व्यासपीठावर अवलंबून असू नये, या मागणीला अशा घटनांनी बळ मिळते. न्यायालयाने स्वतःची स्वतंत्र व्यवस्था उभारण्याचा मानस पूर्वीच व्यक्त केला आहे.

खेड्यातील नागरिक आणि दिल्लीतील न्यायालय

हा विषय केवळ वकिलांचा किंवा शहरी सुशिक्षितांचा आहे, असे समजणे योग्य होणार नाही. सर्वोच्च न्यायालयातील एका निकालाने दूरच्या गावातील चुलीवर कसा परिणाम होतो, हे गोव्याइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी त्या न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणकाम थांबले. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील कामगार, ट्रकमालक, बार्जमालक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले लहान दुकानदार यांचा उदरनिर्वाह त्या एका निर्णयाशी बांधलेला होता. त्याच तालुक्यांतील शेतकऱ्यांची गाळाने भरलेली शेते आणि आटलेल्या विहिरी यांचा प्रश्नही त्याच्याशी निगडित होता. दोन्ही बाजूंच्या लोकांना निकाल कळला तो वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीच्या बातम्यांतून. त्यामागे कोणते युक्तिवाद झाले, न्यायमूर्तींनी शासनास व खाणमालकांस कोणते प्रश्न विचारले, हे त्यांनी पाहिले नाही.

म्हादईच्या पाणीवाटपासंबंधी लवादाने २०१८ मध्ये दिलेल्या निवाड्याविरुद्धची प्रकरणेही याच न्यायालयात दाखल झाली. बेळगाव व सीमाभागातील मराठी भाषिकांच्या प्रश्नावर महाराष्ट्राने कर्नाटकाविरुद्ध २००४ मध्ये दाखल केलेला दावाही तेथेच आहे. आपल्या नदीचा, जमिनीचा किंवा भाषेचा प्रश्न जेथे मांडला जातो, ते दालन आपल्याला पाहता यावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे.

येथेच आजच्या व्यवस्थेची मर्यादाही दिसून येते. नियमित प्रक्षेपण मुख्यतः घटनापीठांचे होते. पाच किंवा त्याहून अधिक न्यायमूर्तींचे पीठ संविधानाच्या अर्थाविषयीच्या महत्त्वाच्या प्रश्नांसाठी बसते. परंतु सामान्य माणसाच्या जीवनाला भिडणारी बहुसंख्य प्रकरणे, म्हणजे भूसंपादन, नोकरी, निवृत्तिवेतन, अपघाताची भरपाई, दोन किंवा तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे चालतात. खाणपट्ट्यांचे प्रकरणही दोन न्यायमूर्तींच्याच पीठापुढे चालले होते. तेव्हा प्रक्षेपणाचा विस्तार होत गेला, तरच त्याचा खरा लाभ गावोगाव पोहोचेल.

भाषेची भिंत

दुसरी मर्यादा भाषेची आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ अन्वये, संसद अन्यथा कायदा करीपर्यंत, सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. कॅमेऱ्याने दालनाची भिंत पाडली, परंतु भाषेची भिंत उभीच राहिली. काणकोण किंवा खानापूर तालुक्यातील शेतकरी पडद्यावर न्यायमूर्तींचा चेहरा पाहू शकेल, पण त्यांचे बोलणे त्याला समजलेच असे म्हणता येणार नाही. नुसते दिसणे म्हणजे उमगणे नव्हे.

या दिशेने काही पावले पडली आहेत. २०१९ पासून न्यायालयाने निवडक न्यायनिर्णयांची भाषांतरे प्रादेशिक भाषांतून देण्यास प्रारंभ केला असून त्यांत मराठीचा समावेश आहे. त्याच वर्षी भाषांतरासाठी ‘सुवास’ नावाची संगणकीय प्रणाली सुरू झाली. २१ फेब्रुवारी २०२३ पासून घटनापीठापुढील युक्तिवादांचे संगणकाच्या साह्याने शब्दांकन करण्यास आरंभ झाला. त्याची सुरुवातही महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या सुनावणीपासूनच झाली. हे शब्दांकन पुढे भारतीय भाषांत उपलब्ध झाले, तर प्रक्षेपणाचे सार्थक होईल.

पाहताना ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर आणि यू-ट्यूबवरील अधिकृत वाहिनीवर घटनापीठांचे कामकाज विनामूल्य पाहता येते. शाळा, महाविद्यालये, ग्रामपंचायती व वाचनालये यांना त्याचा सामूहिक उपयोग करून घेता येण्यासारखा आहे. मात्र प्रथमच पाहणाऱ्याने पुढील बाबी लक्षात घेतल्यास गैरसमज टळतील.

न्यायमूर्तींचा प्रश्न म्हणजे त्यांचा निर्णय नव्हे. वकिलाची बाजू पारखून पाहण्यासाठी न्यायमूर्ती अनेकदा त्याच्या विरुद्ध टोकाचा प्रश्न विचारतात. आज ज्याला कठोर प्रश्न विचारले गेले, तोच पक्ष पुढे जिंकल्याची उदाहरणे आहेत. म्हणून सुनावणीतील एखाद्या वाक्यावरून निकालाचे भाकीत करणे किंवा त्यावरून गावात वाद घालणे उचित नाही.

तोंडी युक्तिवाद हा प्रकरणाचा एकच भाग असतो. याचिका, प्रतिज्ञापत्रे, लेखी निवेदने आणि खालच्या न्यायालयांचे अभिलेख यांचा अभ्यास न्यायमूर्तींनी केलेला असतो, तो पडद्यावर दिसत नाही. सुनावणी संपताच निकाल लागतो असेही नाही. तो बहुधा राखून ठेवला जातो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जाहीर होतो. बंधनकारक असतो तो हा स्वाक्षरीचा लेखी निर्णय.

प्रक्षेपणातील तुकडे कापून, त्यांवर स्वतःची शीर्षके घालून ते पुढे पाठविणे हे नियमांविरुद्ध ठरू शकते आणि न्यायालयाच्या अवमानासही कारण होऊ शकते. भ्रमणध्वनीवर आलेली अशी चित्रफीत खरी मानण्यापूर्वी मूळ मुद्रण पाहणे केव्हाही श्रेयस्कर होय.

शिक्षकांना तर हे एक नवे साधन लाभले आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात न्यायसंस्थेवरील धडा असतो. विद्यार्थी न्यायालयाची रचना पाठ करतो, पण न्यायालय कसे चालते याचे चित्र त्याच्या मनात बहुधा चित्रपटांतूनच उमटलेले असते. घटनापीठाच्या सुनावणीतील वीस-पंचवीस मिनिटांचा भाग दाखवून, दोन्ही बाजूंचे म्हणणे मराठीत समजावून दिल्यास मतभेद सभ्यपणे कसा मांडावा आणि विरोधी बाजूचे म्हणणे कसे ऐकून घ्यावे याचा पाठ त्याला मिळेल. तो पुस्तकातून सहसा मिळत नाही.

संसदेचे कामकाज दूरचित्रवाणीवर येऊ लागून आता पुष्कळ वर्षे लोटली आहेत. २००६ मध्ये तर लोकसभेची स्वतंत्र वाहिनी सुरू झाली. राज्यकारभाराच्या तीन अंगांपैकी न्यायसंस्था या मार्गावर सर्वांत शेवटी आली. तिने सावधपणे पाऊल टाकले, यात गैर काही नाही. न्यायालयाजवळ सैन्य नसते आणि तिजोरीही नसते. त्याच्या आज्ञा पाळल्या जातात त्या लोकांच्या विश्वासावर. हा विश्वास न पाहता ठेवावयाचा, की पाहून ठेवावयाचा, एवढाच प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने पाहून ठेवण्याचा मार्ग नागरिकांना मोकळा केला आहे. तो घटनापीठांच्या पलीकडे आणि इंग्रजीच्या पलीकडे जावा, यासाठी न्यायालयाने प्रयत्न करावयास हवेत, आणि मिळालेल्या दृष्टीचा उपयोग अफवेसाठी न करता समजुतीसाठी करणे हे नागरिकांचे कर्तव्य आहे.